पैसे जुन्या डब्यात घालायचे की नवा डबा आणायचा?

२०२५ च्या दिवाळीत मावसभावाचा फोन आला. "दादा, ऑफर चालू आहेत, गेमिंग पीसी आत्ताच घेऊन टाकू का?" मी मोठेपणाने सांगितलं, "थांब रे महिनाभर. दिवाळी उतरली की भावही उतरतात." तो बिचारा थांबला.

भाव उतरले नाहीत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप घाऊक उचलायला सुरुवात केली, चिप बनवणाऱ्यांनी माल तिकडे वळवला, आणि ३ डिसेंबरला मायक्रॉनने क्रुशिअल या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम-एसएसडी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षाच्या मध्यात साधारण तीन-साडेतीन हजारांत मिळणारी १६ जीबी डीडीआर४ रॅम बघता बघता दुप्पट झाली आणि तिथेही थांबली नाही. डीडीआर५, म्हणजे रॅमची पुढची पिढी, तर विचारूच नका. मावसभाऊ अजून टोमणे मारतो, आणि त्याचं चुकत नाही.

म्हणून 'साठ हजारांत सर्वोत्तम पीसी' अशी यादी मी आता कुणाला देत नाही. तशी यादी आठवड्यात शिळी होते. एक प्रश्न मात्र शिळा होत नाही: तुमच्या टेबलाखाली आज जो डबा आहे, त्यातलं काय काय अजून कामाचं आहे? रॅम स्वस्त होती तेव्हा याचं उत्तर 'काही नाही, सगळं नवीन घे' असं दिलं तरी चालून जायचं. आता चालत नाही. जुन्या मदरबोर्डावर बसलेली १६ जीबी डीडीआर४ ही आज घरातली शिल्लक आहे.

आधी झाकण उघडा

तीन गोष्टी बघायच्या. रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४? बोर्डाचं मॉडेल कोणतं? आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारं खोकं, कुठला, किती वॅटचा? पहिल्या दोन गोष्टी सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर सांगतं, तिसरीसाठी स्टिकर वाचावा लागतो. धूळ काढायलाही तेवढंच निमित्त.

मग नेहमीचा गेम लावा आणि एमएसआय आफ्टरबर्नरने ग्राफिक्स कार्डाचा वापर पडद्यावर आणा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड दमलंय. कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडतायत, तर बहुतेक वेळा प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. (फ्रेमवर मर्यादा किंवा व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग, लावून ठेवलं असेल तरी आकडा कमी दिसतो, ते आधी बंद करा.) व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे गेम प्रोसेसरवर जास्त भार टाकतात, मोठे कथानकवाले गेम कार्डावर. त्यामुळे 'माझ्या पीसीत काय बदलू' याचं उत्तर तुम्ही काय खेळता यावरही ठरतं.

आता तीन घरं शेजारी शेजारी ठेवून बघू. तिन्ही मला ठाऊक असलेली आहेत.

पहिलं घर: बी४५० बोर्ड, रायझन ५ २६००, १६ जीबी डीडीआर४, जीटीएक्स १०५० टीआय

हा मावसभावाचा पीसी, २०१८ च्या आसपासचा. साठ हजार जमवून सगळा पीसी नवा घ्यायचा, असा त्याचा बेत होता.

नवा घेतला तर काय होतं ते मांडून बघा. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची खोबण) जायचं तर प्रोसेसर नवा, बोर्ड नवा आणि रॅमही नवी, कारण एएम५वर फक्त डीडीआर५ चालते. साठातला मोठा वाटा या तिघांत गेला की कार्डाला जे उरतं त्यातून मधल्या ताकदीचं कार्डही जेमतेम येतं. गेम तर कार्डावर चालतो. म्हणजे इंजिन नवं, रस्ता नवा आणि गाडीला चाकं सायकलची.

जुन्यातच घातले तर? एएम४ हे सॉकेट २०१६ साली आलं आणि एएमडीने ते इतकी वर्षं ओढलं की त्याच बी४५० वर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. त्यातही सहाच कोअर आहेत, पण पिढी दोन पावलं पुढची असल्यामुळे १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या) मॉनिटरवर व्हॅलोरंट खेळणाऱ्याला फरक लगेच जाणवतो. ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांसाठीही एएमडीने २०२२ मध्ये ही वाट मोकळी केली. मात्र तुमच्या बोर्डाच्या कंपनीने त्याचं बायोस काढलंय का, हे तिच्या साइटवर जाऊन बघावं लागतं.

इथे नाव वाचताना सावध. ५५०० आणि ५६०० यांत शंभराचा फरक दिसतो, पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे आणि ५६०० मध्ये ३२. गेमिंगमध्ये ही कॅश चांगलीच कामाला येते. शिवाय ५५०० पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड यांच्यातला रस्ता) ३.० वरच थांबतो. किमतीत हजारभराचा फरक असेल तर ५६०० घ्या, फरक मोठा असेल आणि मॉनिटर ६० हर्ट्झचाच असेल तर ५५०० वरही बिघडत नाही. ५७००एक्स३डी वाजवी भावात हाती लागला तर एएम४वाल्याचा शेवटचा मुक्काम तोच: ९६ एमबी कॅश, आणि त्यानंतर बरीच वर्षं बोर्डाकडे बघायची गरज नाही.

मावसभावाच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा होता. आधी कार्ड, मग प्रोसेसर. १०५० टीआय हे २०१६ चं, ४ जीबीचं कार्ड. २६०० आणखी काही महिने रेटता येतो, १०५० टीआय नाही. त्यात एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलंय. सुरक्षेपुरते अपडेट तेवढे येत राहतील.

बायोस अपडेट करताना एकच पथ्य: यूपीएस लावून करा, आणि जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा. आधी नवा प्रोसेसर बसवला की काळा पडदा दिसतो आणि दुकानदाराला शिव्या घातल्या जातात. दोष त्याचा नसतो.

दुसरं घर: आय५-४५९०, डीडीआर३, विंडोज १०

शेजारच्या काकूंच्या मुलाची बारावी झाली. घरी वडिलांच्या ऑफिसकामाचा पीसी, बजेट पस्तीस हजार. "यातच कार्ड टाकून दे ना दादा."

देता आलं असतं, पण इथे जुन्यात पैसे घालणं चूक. चौथ्या पिढीच्या त्या सॉकेटवर पुढे फारसा रस्ता नाही, डीडीआर३ दुसरीकडे कुठे बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) मागतं. हा मुद्दा कागदोपत्री वाटतो, पण व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाच सॉफ्टवेअर तपासणारी सोय) चालू नसेल तर आत घेत नाही, आणि बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. पॅच मारून विंडोज ११ बसवता येतं हो. गेममधली लबाडी पकडणारी अँटी-चीट त्या जुगाडाला दाद देत नाही.

अशा घरासमोर दोन वाटा उरतात.

एक, ऑफिसातून निवृत्त झालेला डबा. कंपन्या लीज संपली की डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क-प्रोडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर शेकड्यांनी काढतात आणि ते पुसून-पासून बाजारात येतात. घ्यायचाच तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा घ्या. आय५-८५०० मध्ये सहा कोअर आहेत आणि विंडोज ११ सरळ चालतं. रॅम आणि एसएसडी आतच येते, आणि सध्याच्या भावात हा फार मोठा फायदा. सहाव्या-सातव्या पिढीचा डबा दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसेल. त्याचं कारण, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही.

खोच ग्राफिक्स कार्डात आहे. या डब्यांचा एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या घडणीचा असतो. छोट्या आकाराच्या ऑप्टिप्लेक्समध्ये तो २०० वॅटच्या आसपास असतो, त्यातून कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही, आणि बोर्डाची जोडणी नेहमीची नसल्याने बाजारातला एसएमपीएस थेट बसत नाही. म्हणून फक्त स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं कार्डच चालतं. नव्यात त्याला सरळ उत्तर एकच: ७० वॅटचं आरटीएक्स ३०५०, ६ जीबीवालं. छोट्या डब्यात बुटक्या उंचीचं मॉडेल लागतं, आणि ती बहुतेक दोन स्लॉट जाडीची असतात. पट्टी घेऊन जागा मोजा, मगच ऑर्डर करा. टॉवर आकाराचा डबा मिळाला तर ही कसरत बरीच टळते.

हेच ३०५० लक्षात ठेवा, कारण बाजारात त्याच नावाचं ८ जीबीवालं कार्डही आहे. फरक नुसता २ जीबीचा नाही. ६ जीबीवाल्यात कोअर कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही अरुंद, १२८ बिटऐवजी ९६ बिट. वेगळी वीज न लागणं हा त्याचा एकमेव मोठा गुण. ज्याच्याकडे नीट एसएमपीएस आहे त्याने ते घेण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट म्हणजे नवाच पीसी, पण आधी कार्डाशिवाय. रायझन ५ ५६००जी किंवा तशाच अंगभूत ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरवर व्हॅलोरंट, जीटीए ५, जुने फुटबॉलचे गेम १०८०पी वर सेटिंग खाली आणून चालतात. रॅमच्या दोन काड्या मात्र हव्यातच. अंगभूत ग्राफिक्स रॅमच उसनी घेतं. एका काडीवर त्याचा श्वास कोंडतो. सहा-आठ महिन्यांनी पैसे जमले की कार्ड टाकायचं.

दोन्हींत कोण सरस? मुलगा मुख्यतः व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळणार, आणि यापुढे दोन वर्षं पैसे मिळणार नाहीत, तर ऑफिसचा डबा आणि ३०५०. पुढे वाढवायची खरी शक्यता असेल तर नवा. काकूंच्या मुलाला मी पहिली वाट सांगितली. पुढे वाढवणार असं सगळेच म्हणतात. कॉलेज लागलं की बाइक येते आणि पीसीचे पैसे तिच्या पेट्रोलमध्ये जातात.

तिसरं घर: काहीच नाही, ऐंशी-नव्वद हजार तयार

ऑफिसातल्या एका सहकारी मैत्रिणीचा हा प्रश्न. पहिली नोकरी, पहिला पीसी, आणि इंटरनेटवर तीन गट भांडतायत.

एएम५: २०२२ च्या सप्टेंबरात आलेलं सॉकेट. एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही त्याला आधार देऊ म्हटलंय. एएम४चा इतिहास बघता हे मी मानतो. रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००, बोर्ड ए६२० किंवा बी६५०. आज मधला प्रोसेसर घ्यायचा आणि चार वर्षांनी त्याच बोर्डावर जादा कॅशचा एक्स३डीवाला चढवायचा, ही या वाटेची खरी कमाई. तोटा डीडीआर५चा भाव.

इंटेल बारावी पिढी: आय५-१२४००एफ आणि डीडीआर४वाला एच६१० किंवा बी६६० बोर्ड. स्वस्त, थंड, सहा कोअर, आणि जुनी डीडीआर४ कुणाकडून मिळाली तर सर्वांत कमी खर्चात उभा राहणारा नवा पीसी हाच. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे झीज होऊन क्रॅश होण्याचा जो प्रकार २०२४ मध्ये गाजला, त्यात बारावी पिढी नाही. हे सॉकेट चौदाव्या पिढीवर संपलं, त्यामुळे पुढचा रस्ता आखूड.

नवा एएम४: ५६०० आणि नवा बी५५०. दोन वर्षांपूर्वी मी डोळे झाकून हाच सांगायचो. आज शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला तो सांगायला जीभ अडखळते. डीडीआर४ही महागलीय, आणि सॉकेट तर म्हातारं. हातात फुकटची रॅम असेल तरच.

ऐंशी-नव्वद हजार असतील आणि पाच-सहा वर्षं वापरायचा असेल तर मी एएम५ म्हणेन, रॅम महाग असली तरी. १६ जीबीने सुरुवात करा. साध्या बोर्डावर दोनच स्लॉट असतात; दोन्ही ८-८ ने भरलेत तर पुढे काड्या विकाव्या लागतील, एकच १६ ची घेतलीत तर तूर्त थोडा वेग जाईल पण जागा राहील. वेगळं कार्ड असणाऱ्याला मी एका काडीचा सौदा मान्य करतो. साठच्या आत असाल तर १२४००एफ, आणि वाचलेला प्रत्येक रुपया कार्डात.

त्या 'एफ'बद्दल एक सांगायचं राहिलं. एफ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. ७५००एफ, १२४००एफ स्वस्त पडतात ते त्यामुळे. पण कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं की ते परत येईपर्यंत दोन-तीन आठवडे पीसी नुसता पंखा होतो. पीसीवर ऑफिसचं कामही करणार असाल तर ७६०० किंवा साधा १२४०० घ्या. मैत्रिणीने हेच केलं, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर घाबरून फोनही केला: पंखे फिरतायत, पडदा काळा. एएम५ पहिल्या वेळी रॅमशी ओळख करून घेतं, त्याला काही मिनिटं लागतात. चहा ठेवा, बटण दाबू नका.

कार्ड: इथेच पीसीचा गेमिंग पीसी होतो

आकड्यांपेक्षा आधी तीन फाटे समजून घ्या.

पहिला फाटा रे ट्रेसिंगचा, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचा. 'मला ते चकाकी-बिकाकी नको' असं म्हणून चालायचं नाही, कारण 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (२०२४) आणि 'डूम: द डार्क एजेस' (२०२५) या गेमना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्ड लागतंच. म्हणजे सेकंडहँड बाजारातली लाडकी जीटीएक्स १६६० सुपर, आरएक्स ५८०, आरएक्स ५६०० एक्सटी ही सगळी तिथे अडतात. जुनेच गेम खेळायचे असतील तर ती अजूनही चालतील, पण भावही तसाच पाडून मागा.

दुसरा फाटा लेनचा, म्हणजे कार्ड बोर्डाशी किती पदरी रस्त्याने बोलतं त्याचा, आणि याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं बोर्डाशी चारच लेनवर बोलतात. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर ते निभतं. मावसभावाच्या बी४५० सारख्या ३.० च्या बोर्डावर तोच रस्ता अर्धा होतो आणि फ्रेम डोळ्यांदेखत पडतात. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, ५०६० आठ लेन वापरतात. जुन्या बोर्डावर त्यांचं नुकसान बहुतेक गेममध्ये किरकोळ, पण कार्डाची ८ जीबी भरून वाहायला लागली की ते वाढतं. आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेनचं आहे, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्यातल्या त्यात निश्चिंत.

तिसरा फाटा कार्डावरच्या मेमरीचा. १०८०पी वर ८ जीबी आज चालते, टेक्सचर एक पायरी खाली आणायची तयारी असेल तर. १२-१६ जीबी असली तर ती तयारी ठेवावी लागत नाही. ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं. नाव एकच, खोकंही जवळपास सारखंच, तेव्हा बिल होण्याआधी आकडा वाचा.

इंटेलचं आर्क बी५८० कागदावर सगळ्यांत मोहात पाडतं: १२ जीबी, आणि भाव ८ जीबीवाल्यांच्या आसपास. पण ते रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं बायोसमधलं सेटिंग) चालू असल्याशिवाय नीट पळत नाही आणि जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग पडतो. म्हणजे गंमत बघा: ज्याच्याकडे जुना पीसी आणि कमी पैसे आहेत, त्यालाच हे स्वस्त कार्ड सोसत नाही. नव्या १२४००एफ किंवा ७५००एफ सोबत जरूर विचार करा. दुसऱ्या घरातल्या ऑफिसच्या डब्यात मुळीच नाही.

मग कुणी काय घ्यावं? खालच्या टोकाला आरएक्स ६६००. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड, १३२ वॅट, एकच आठ पिनची वायर, रे ट्रेसिंग नावापुरतं का होईना आहे, आणि १०५० टीआयवरून येणाऱ्याला अडीच-तीनपट वेग. वय झालंय हे खरं, आणि एएमडीचं एफएसआर ४ (छोटं चित्र मोठं करून वेग वाढवणारं अपस्केलिंग) २०२५ मध्ये अधिकृतपणे ९००० मालिकेसाठीच आलं. एनव्हीडियाचं डीएलएसएस अपस्केलिंग मात्र जुन्या आरटीएक्सवरही सुधारत गेलंय. त्यामुळे भाव जवळजवळ सारखा असेल तर वापरलेलं आरटीएक्स ३०६० मला ६६०० पेक्षा बरं वाटतं. त्याच्या १२ जीबीवाल्या रूपाकडे बघा. वरच्या टोकाला ९०६० एक्सटी १६ जीबी. मधल्या जागेत ५०६०, पण जुन्या बोर्डावर नको.

सेकंडहँड

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी मायनिंगची पद्धतच सोडली आणि हजारो कार्डं बाजारात उतरली. त्यांतली बरीच आता तिसऱ्या-चौथ्या हातात आहेत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलली की पुष्कळशी चालतात. माझा नियम साधा: कार्ड विकणाऱ्याच्याच पीसीवर चालताना बघायचं, अर्धा तास जड गेम लावायचा, तापमान आणि पंख्याचा आवाज बघायचा, आणि जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये नाव पडताळायचं. ते शेवटचं कशासाठी, तर 'आरएक्स ५८० ८ जीबी' म्हणून विकलं जाणारं २०४८एसपी नावाचं भावंड आहे. खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, यात २०४८. तशीच ती एक्स९९ बोर्डवाली, झिऑन या सर्व्हरच्या जुन्या प्रोसेसरची किट. कोअरचा आकडा वाचून हुरळू नका, गेमला त्यांतले बरेच कोअर लागत नाहीत.

मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडी मात्र लॅमिंग्टनच) अजूनही फिरण्यासारखा आहे. एका दुकानातला भाव दुसऱ्यात सांगितला की पाचशे-हजार सुटतात. ऑनलाइन भाव मोबाइलवर उघडा ठेवा, लाजू नका. "बिल नको असेल तर जीएसटी सोडतो" असं कुणी म्हटलं तर १८ टक्क्यांचा मोह आवरा. तीन वर्षांच्या वॉरंटीचा पुरावा तोच कागद आहे. बिलावर कार्डाचा, बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या.

एसएमपीएस

काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या पीसीत कॅबिनेटसोबत फुकट आलेला '५०० वॅट'चा एसएमपीएस तसाच ठेवून वर नवं कार्ड बसवलं. दोन महिने चालला. मेच्या एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि टेबलाखालून फट्ट झालं. वास अजून नाकात आहे. जाताना तो बोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचलं ते नशिबाने. बाराशे वाचवायला गेलो आणि सात हजारांना बसलो.

तेव्हापासून कुणी विचारलं की कार्डाच्या आधी मी एसएमपीएसचं नाव विचारतो. वर सांगितलेल्या कार्डांना नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा एसएमपीएस पुरेसा आहे. ८० प्लसचा शिक्का विजेची बचत सांगतो, आतल्या संरक्षणाची हमी देत नाही. म्हणून नुसता शिक्का नको, त्या मॉडेलचं परीक्षण वाचा आणि पाच वर्षांची वॉरंटी बघा. जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका. खोबणी सारखी दिसते, आतली जोडणी वेगळी असते, आणि एसएसडी जळते.

घरात ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम चालू असताना वीज गेली तर मॉनिटर धरून तो कोलमडू शकतो. गेम बंद करून शटडाउन करण्याइतकी दोन-चार मिनिटं हवी असतील तर हजार-अकराशे व्हीएचा बघा.

आणि कॅबिनेट. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात खोलीतच चाळीशी असते. तिथे पुढून काचबंद, आतून दिवाळीच्या माळेसारखं लुकलुकणारं कॅबिनेट म्हणजे भट्टी. पुढे जाळी असलेलं साधं घ्या, दोन पंखे पुढे, एक मागे. दिवे नंतर चिकटवता येतात.

लॅपटॉप, कन्सोल

हॉस्टेलवर राहणार असाल तर लॅपटॉपला पर्याय नाही, वाद संपला. घरी राहणाऱ्याने त्याच पैशात डेस्कटॉपच घ्यावा. लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही. फक्त टीव्हीसमोर बसून दोन-चार मोठे गेम खेळायचे असतील तर कन्सोल सरळ, पण गेम महाग पडतात आणि अभ्यासाच्या नावाखाली घरच्यांकडून पैसे काढता येत नाहीत. जीटीए ६ साठी पीसी बांधायचा म्हणणाऱ्यांना एवढंच: रॉकस्टारने जाहीर केलंय ते प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी. पीसीसाठी थांबायचं तर आज कार्ड घेऊन कशाला थांबता?

मावसभावाचं काय झालं

बोर्ड तोच ठेवला, रॅम तीच, कॅबिनेट तेच. साठातून आधी एसएमपीएस आणि आरएक्स ६६०० आलं, महिन्याभराने एकाने एएम५वर जाताना काढलेला ५६०० त्याने कूलरसकट उचलला. २६०० आणि १०५० टीआय विकून थोडे सुटले. तरीही पैसे उरले, म्हणून १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, आणि चार दिवसांनी पुन्हा फोन. "दादा, एवढं सगळं केलं, पण डोळ्याला काहीच फरक कळत नाही रे."

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन बघ म्हटलं. विंडोजने मॉनिटर ६० हर्ट्झवरच ठेवला होता.